पाण्यात नेलेली आकडी

कोयता कमरेला, आणि तोही मागच्या बाजूला, ही गोष्ट मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. आंबेगावच्या पार पश्चिमेला आमच्या डोंगरात पुरुष माणूस घराबाहेर पडला की कमरेला दोरी, दोरीत लाकडाची आकडी आणि आकडीत कोयता. आकडी म्हणजे फार काही नाही, लाकडाचा वीतभर ठोकळा, त्याला मधून खाच पाडलेली. कोयत्याचं पातं वरून त्या खाचेत सोडायचं, मूठ वर राहते. हात मागं गेला की मूठ हातात येते, बघावं लागत नाही. पुढं काही नसल्यामुळं झाडावर पोट घासत चढता येतं, वाकून भात लावता येतं, पोर कडेवर घेता येतं. अंगावर वस्तू बाळगायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पुढचं वाचून कोणाला वाटेल की म्हातारा त्या वेळी हरला होता. तसं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातलीही अर्धी गुरांमागं गेली. लिहायला वेळ लागतो. नात म्हणाली, तुम्ही बोला, मी मोबाईलमध्ये उतरवते. मी नको म्हणालो. पाण्याखाली माझ्या हातानं काम केलं, हेही माझ्याच हातानं होऊ दे.

मिसरूड फुटायच्या सुमाराला मी येडगावला आक्काकडं राहायला आलो. आक्का माझी थोरली बहीण. धरणाच्या काठाला तिचं दोन खणांचं घर होतं, पुढं पत्र्याचा पडवीवजा आडोसा. दाजी, म्हणजे तिचा नवरा, धरणात जाळं टाकायचे आणि बाकी दिवस कोणाच्या ना कोणाच्या रानात जायचे. आक्का लोकांच्या वाकळा शिवून द्यायची. त्या घराचा आवाज म्हणजे दाभणाचा. जुन्या लुगड्यांच्या थरातून दाभण गेलं की खुप्प असा आवाज यायचा आणि मग दोरा ओढल्याचा लांब सुस्कारा. सकाळी जाग यायची ती त्या आवाजानं, नाहीतर काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी सुरू झाल्या की त्यांच्या घुंईनं. खायला डोंगरासारखी रोज नाचणी नव्हती, बाजरी असायची. मासा असला तर आक्का चिंच घालून पातळ कालवण करायची, नसला तर त्याच कालवणात बटाटा. दाजी म्हणायचे, "आज मासा बटाट्याचं सोंग घिऊन आलाय." ते रोज म्हणायचे आणि आक्का रोज हसायची. मला पहिल्या आठवड्यातच त्याचा कंटाळा आला होता.

डोंगरातून निघताना बानं, माझ्या वडिलांनी, एकच अट घातली होती. आम्ही तीन भाऊ, खाचरं थोडी, मी गेलो तरी फरक पडणार नव्हता, पण बाला ते पटलं नव्हतं. "पाण्यावर कसला धंदा? मासा हायेस का तू?" तो म्हणाला. कोयता घरात नवाच केला होता, तो मी कमरेला लावला तर त्यानं बघितलं. "ने. पण राब तोडायच्या आत ह्योच कोयता माझ्या हातात पायजे. कोयता आला तर तू पुन्हा जा, पाण्यात जा न्हाईतर ढगात जा. नाय आला तर हितंच ऱ्हायचं." राब म्हणजे भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची, त्याला झाडांच्या फांद्या लागतात आणि त्या कोयत्यानंच तोडायच्या. थंडी सरली की ते काम निघतं. बाचं म्हणणं इतकंच होतं की जो माणूस एक हत्यार सांभाळून परत आणू शकत नाही तो परक्या गावात स्वतःला काय सांभाळणार. मी हो म्हणालो, कारण कोयता हरवणं ही गोष्ट माझ्या डोक्यातच बसत नव्हती.

धरणाच्या गेटांच्या कामाला तेव्हा एक ठेकेदार होता आणि त्याच्याकडं पाण्याखाली जाणारा एक माणूस. मालवणकडचा, नौदलातून सुटून आलेला. सगळे त्याला मास्तर म्हणत. ट्रकच्या ट्यूबांवर फळ्या बांधून केलेला तराफा होता, त्यावर हवेच्या टाक्या उचलून ठेवायचं काम मला मिळालं. एक दिवस मास्तरांनी गंमत म्हणून माझ्या डोळ्यांवर काच बांधली, नळी तोंडात दिली आणि काठाच्या पाण्यात माझं डोकं दाबलं. बाकीचे हसत होते. त्यांचं हसणं बंद झालं, म्हणजे मला ऐकू येईनासं झालं. माझा श्वास तेवढा लोहाराच्या भात्यासारखा चाललेला. शाळेत मी मागच्या बाकावर, घरात तिसऱ्या नंबराचा. जिथं फक्त माझाच आवाज आहे अशी जागा मला पहिल्यांदा मिळाली. मी वर आलोच नाही. शेवटी मास्तरांनी गचांडी धरून काढलं आणि म्हणाले, "मेल्या, तू घाबरत का नाहीस?" त्या दिवसापासून त्यांनी मला शिकवायला घेतलं.

लोकांना वाटतं पाणबुड्याला पोहायला शिकवतात. मास्तरांनी मला महिनाभर वाळूत पालथं पाडून ठेवलं. सगळं सामान अंगावर चढवायचं, डोळ्यांवर फडकं बांधायचं आणि मास्तर ज्या वस्तूचं नाव घेतील तिथं हात गेला पाहिजे. पक्कड उजव्या मांडीला, पाना डाव्या. बॅटरी छातीच्या पट्ट्यावर, सायकलच्या ट्यूबच्या कड्यात घट्ट दाबलेली. हवा किती राहिली ते दाखवणारं घड्याळ एका नळीच्या टोकाला असतं, ती नळी काखेखालून घेऊन पट्ट्यात खोचायची. दोरीचं वेटोळं पोटाशी, टोक आत दाबून. "डावा," म्हणाले की डावा हात. "आता उजवा नाही तुला, मोडलाय असं समज," म्हणाले की उजव्या बाजूची पक्कडसुद्धा डाव्या हातानंच काढायची. काही सुटं दिसलं की ते बोटानं हलवून दाखवायचे. "हे काय? शेपूट? बैल आहेस का?"

सगळं ठीक चाललं होतं, फक्त कोयत्यावरून आमचं बिनसलं. पाण्यात दोरखंड, जाळी, मुळ्या कापायला काहीतरी लागतंच. मास्तरांचं म्हणणं, कापायचं हत्यार छातीवर, दोन्ही हातांना सापडेल असं. माझं म्हणणं, मागं आकडीत.

"तुझ्या पाठीला डोळे आहेत काय रे?"

"बघायचंच कशाला, मास्तर? हात जातोय की."

"अडकेल कशात तरी."

"डोंगरात करवंदीच्या जाळीतनं हिंडतोय, आजवर अडकला न्हाई."

"पाण्यात कोयता नेशील किंवा पाण्यात जाशील. दोन्ही नाही."

मी टाक्या उचलायला परत गेलो. त्यांना वाटलं मी दुसऱ्या दिवशी येईन. मी आलो नाही, म्हणजे कामावर आलो, पण शिकायला वाळूत आलो नाही. चार-पाच दिवस असे गेले. शेवटी तेच म्हणाले, "बरं. मागं लाव तुझा कोयता. पण छातीवर सुरीही लावशील. आणि तो कोयता पाण्यात अडकला किंवा गेला, तर दुसऱ्या दिवशी तू तुझ्या गावाला." मी कबूल झालो. इथं कोयता गेला तर मास्तर घालवणार आणि तिकडं बा परत सोडणार नाही, हे मला कळत होतं. पण जाईल कशाला?

सुरी लोहाराकडून आली, बोटभर रुंद, मुठीला सुतळी गुंडाळलेली. तिचं म्यान करायचं काम आक्काकडं आलं. ताडपत्रीचा तुकडा, दाजींच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा आणि तिचं दाभण. तिनं मला उभं केलं, छातीवर तुकडा धरला आणि विचारलं, "तू तिथं कसा असतो? उभा का आडवा?"

"कसाबी."

"कसाबी म्हंजे?"

"कधी डोकं खाली, पाय वर."

तिनं म्यानाला वरून झाकण शिवलं, झाकणाला दोऱ्याचा फास आणि फासात अडकवायला लाकडाची चिमुकली खुंटी, डाव्या किंवा उजव्या कुठल्याही अंगठ्यानं उडेल अशी. खाली एक भोक ठेवलं. "पाणी भरलं तर जाया वाट नगं का," म्हणाली. मग म्यान हंड्यात बुडवलं, उलटं करून झटकलं, आणि दोन्ही हातांनी खुंटी उडवून बघितली. दाजी दारातून म्हणाले, "तुझ्या भावाची मुंज हाय का काय? येवढं नटवतीया." त्यांचं स्वतःचं दुःख वेगळं होतं. पावसाळ्यात त्यांचं चांगलं मोठं जाळं ओढीला लागून गेलं होतं आणि ते रोज त्याची आठवण काढून जेवायचे.

कालव्याला पाणी सोडायचे दिवस आले, तेव्हा गेटं खाली-वर करून बघताना एक गेट खाली बसेना. गेटाच्या पुढं उभ्या गजांचं कुंपण असतं, त्याच्या तळाशी एक ओंडका शिरून गेटाखाली आडवा बसला होता. त्याला खाली जाऊन दोर बांधायचा, मग वरचे लोक साखळीनं ओढणार. मास्तरांनी मला जायला सांगितलं. माझी पहिली खरी बुडी. कमरेला जीवदोरी, तिचं टोक तराफ्यावर मास्तरांच्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक, तीन हिसके म्हणजे ओढा. पाठीवर टाकी, टाकीच्या खाली उजव्या अंगाला आकडी आणि कोयता, छातीवर आक्काचं म्यान.

पाणी हिवाळ्याचं, बाहेर ऊन असूनही हाडात शिरणारं. थोडं खाली गेलं की हिरवं, मग चहासारखं, मग काहीच नाही. मी गजाला धरून डोकं खाली करून उतरत गेलो, मास्तरांनी शिकवलं होतं तसं. ओंडका हाताला लागला. दोर त्याच्या बुडख्याखालून काढला, दोन वेढे दिले, गाठ मारली, ओढून बघितली. काम फत्ते. एक हिसका दिला आणि वळलो, तर वळता येईना. टाकीच्या मानेला मागून कोणीतरी धरलं होतं. पुढं जोर केला की मान मागं जायची. हातानं चाचपलं तर जाळं. जुनं, बारीक नायलॉनचं, गजांना चिकटून राहिलेलं, आणि त्यात माझी टाकी आणि जीवदोरी दोन्ही. मी तीन हिसके दिले. दोरी हातभर हलली आणि जाळ्यातच मेली. वर काही गेलं नाही.

मी घाबरलो नाही, असं मी लोकांना सांगत आलो आहे. ते जवळजवळ खरं आहे. मी उजवा हात मागं नेला. मूठ नाही. थोडं खाली, थोडं बाजूला. आकडी होती, खाच होती, खाचेत बोट गेलं. कोयता नव्हता.

ते मला तिथंच, त्या काळोखात कळलं, आणि एका क्षणात कळलं. आकडीत कोयता कशानं राहतो? स्वतःच्या वजनानं. डोंगरात माणूस चढतो, उतरतो, वाकतो, पण उलटा होत नाही. माझे बाप-आजे त्या आकड्या वापरत आले, त्यातला एकही कधी डोकं खाली करून कामाला उतरला नव्हता. मी उलटा झालो आणि कोयता निसटून गेला. पाठीला टाकी, कमरेला शिशाचा पट्टा, मला पत्ताही लागला नाही. म्हणजे मास्तर म्हणत होते तसा तो अडकला नव्हताच. हे मी त्यांना नंतर बऱ्याच वेळा ऐकवलं.

उजवा हात मागंच होता आणि तिथंच जाळ्यात गुंतला. मग डावा छातीवर नेला. खुंटी अंगठ्याला लागली, उडाली, सुरी हातात आली. एकेक फास चाचपून, सावकाश कापत गेलो. हिसडा दिला तर आणखी गुंता होतो, हे मला दाजींना जाळं सोडवताना बघून माहीत होतं. आधी हात, मग दोरी, मग टाकीची मान. दोरी मोकळी झाल्याबरोबर ती वरून ताठ झाली, म्हणजे मास्तरांनाही काहीतरी चुकल्याचं जाणवलं होतं. मी वर आलो तेव्हा टाकीला जाळ्याची लांब चिंधी लोंबत होती.

मास्तरांनी मला फळीवर पालथं घेतलं, तोंडातली नळी काढली, आणि पहिलं काय बघितलं तर आकडी. "कोयता?"

"खाली हाय."

"गेला म्हण."

"गेला कुठं? गेटापाशीच हाय. ठिकाण ठाव हाय मला."

"ठरलं होतं ते आठवतंय ना?"

ओंडका तासाभरात निघाला, गेट बसलं, धरणावरचे साहेब खूश झाले. मी तराफ्याच्या कडेला बसून पट्टे सोडत होतो.

दुपारी घरी गेलो तर आधीच बातमी पोचलेली. दाजींनी मी आणलेली ती जाळ्याची चिंधी हातात घेतली, गाठ बघितली, उजेडात धरून पुन्हा बघितली. ती त्यांनीच घातलेली गाठ होती. "माझंच जाळं हाय की ह्ये," ते म्हणाले. मग खाली बसले. "सगळ्या पावसाळ्यात त्याला धड मासा गावला न्हाई. अन् गावला त्यो मेव्हणा." आक्का हसली नाही. ती माझं म्यान उलटंसुलटं करून बघत होती.

मास्तर दिवस मावळायच्या आत घरी आले. ते मला निघायला सांगायला आले होते, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच दिसत होतं. आक्कानं त्यांना बसायला घोंगडी टाकली आणि कालवण वाढलं. त्यांनी मासा निवडून खाल्ला, बोटं चाटली, आणि मग म्हणाले, "बाई, तुमचा भाऊ शर्यत हरलाय."

"शर्यत तुमची त्याच्यासंगं," आक्का म्हणाली. "पन सुरी लावाया तुमी सांगितलं, आन् पिशवी म्या शिवली. ती चालली का न्हाई?"

"चालली."

"मंग तुमचं बी जमलं, माझं बी जमलं. ह्याचं येकट्याचं जमलं न्हाई, तर त्याला जमवाया येक दीस तरी द्या." आणि तिनं त्यांच्या ताटात आणखी एक तुकडा टाकला.

मास्तर बराच वेळ काटे बाजूला काढत होते. "उद्या," ते मला म्हणाले. "उद्या कोयता आण. नाही सापडला तर परवा घरी."

मी कसा शोधणार, हे कोणी विचारलं नाही. काळ्या पाण्यात, गाळात, हातानं चाचपत अख्खा दिवस गेला तरी सापडला नसता. मी पडवीत गेलो आणि दाजींचा कोयता मागितला.

"जाळं फाडलंस, आता कोयता बी बुडवतो का?"

"दोरी बांधून नेतो, दाजी."

दुसऱ्या दिवशी मी त्याच आकडीत, त्याच जागी, दाजींचा कोयता घातला. त्याच्या मुठीला लांब दोरी बांधली, दुसरं टोक माझ्या मनगटाला. मास्तर तराफ्यावर बसून बघत होते. "एक घालवलास, आता दुसराही घालवतोस?" मी काच चढवली. काल ज्या गजाला धरून उतरलो, तोच गज, तसंच डोकं खाली, तसेच सावकाश हात. आणि जिथं निसटायचा तिथं दाजींचा कोयता निसटला. मनगटाला ओढ बसली. मी ती दोरी धरून खाली गेलो. दाजींचा कोयता गाळात पातं रोवून उभा होता. त्याच्याभोवती हात फिरवला, एकदा, पुन्हा थोडा लांब. पहिल्या बुडीत काही नाही. हवा संपत आली म्हणून वर आलो, टाकी बदलली, परत तेच केलं. या वेळी दाजींच्या कोयत्यापासून हातभर अंतरावर, ओंडका जिथं होता त्या खळग्यात, बाच्या कोयत्याची मूठ लागली.

वर आलो तेव्हा माझ्या एका हातात एक आणि दुसऱ्या हातात एक असे दोन कोयते होते. मास्तरांनी ट्रकच्या ट्यूबमधून बोटभर रुंद पट्टी कापली आणि माझ्यापुढं टाकली. ती मी आकडीच्या तोंडावर बसवली, कोयत्याच्या मुठीवरून ताणून येईल अशी. पाण्यात आकडी पुढं घ्यायची आणि जमिनीवर मागं, यावर आमचं मिटलं. त्याच दिवशी मास्तरांनी नवा नियम केला. बुडी मारायच्या आधी प्रत्येकाला सामानासकट घोट्यांना धरून उलटा करायचा आणि झटकायचा. काही पडलं, काही लोंबलं, तर बुडी नाही. आक्काला आणखी म्यानं शिवायला सांगितली.

मागच्या वर्षी पुण्याकडची काही मंडळी धरणावर हौसेनं पाण्यात उतरायला आली होती. छाताडभर चकचकीत कड्या, त्यात प्लास्टिकचे हूक, हुकांना आपोआप गुंडाळल्या जाणाऱ्या दोऱ्या, कॅमेरा, बॅटऱ्या. सामान चांगलं होतं, त्याला मी नाव ठेवत नाही. मी म्हटलं, "राव, येकदा उलटं हून झटका की." ते हसले. माझं काम मी केलं. मोटारीचा फूटवॉल, म्हणजे पाण्यातल्या पाइपाच्या टोकाची झडप, काढायला आजही कोणी बोलावलं तर काठावर बसून मी पोरांची सामानं तपासतो, आणि ती माझं ऐकतात.

कोयता सापडला त्या साली राब तोडायचे दिवस आले तेव्हा मी डोंगरात गेलो. बा अंगणात बसला होता. मी कमरेची दोरी सोडून आकडी कोयत्यासकट त्याच्या हातात दिली. तो कोयता काढायला गेला तर निघेना. त्यानं रबर बघितलं, बोटानं ताणलं, सोडलं.

"ह्ये कशापायी?"

"पाण्यात माणूस उलटा बी व्हतो, बा."

त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. त्यानं कधी गुडघ्याच्या वरचं पाणी बघितलं नव्हतं. त्यानं आकडी हातात धरली, उलटी केली आणि जोरात झटकली. एकदा, दोनदा. कोयता जाग्यावर होता. मग उठला, दोरी कमरेला बांधली, आकडी सरकवून मागं नेली, नेहमीच्या जागी, आणि राबाला निघाला. जाताना एवढंच म्हणाला, "सांजच्याला जेवून जा."

रबर त्यानं काढलं नाही. मी सांजेला जेवून येडगावची वाट धरली. कमरेला मागं काही नव्हतं, आणि उतारभर माझा हात सारखा मागं जात होता.